एका पिंपात चौदा हात

रविवार, २५ मे १९९७. नवागाम, सुरत.

हजर: विमल. विमलचे मिस्टर रामदासभाऊ. भुसावळहून आलेली त्यांची बहीण. भन्तेजी. रामदासभाऊंचे रेल्वेतले चार सोबती. मिलच्या घडी विभागातल्या सहा जणी, रविवारचा ओव्हरटाइम सोडून आलेल्या. कबड्डी संघाच्या दहाही मुली, पांढऱ्या ओढण्या घेऊन. रेखाबरोबर तिची आई. आणि मी.

विमल, ही हजेरी मांडताना सवयीनं पहिलं नाव तुझंच लिहिलं. चार वर्षं संघाच्या वहीत प्रत्येक पानावर पहिली ओळ तीच आहे. लिहिलं, मग त्यावर रेघ ओढली ती अर्धीच. तसंच ठेवलंय. पान खराब दिसतं, पण राहू दे.

आज तुझा जलदान विधी झाला. सतरंज्या, उदबत्त्या, ग्लास, मेणबत्त्या, भन्तेजींना स्टेशनवरून आणायला कोण जाणार, सगळी यादी रामदासभाऊंनी माझ्याकडे दिली. यादी माझ्याकडे दिली की लोक निश्चिंत होतात. फोटो मात्र त्यांनीच निवडला. मिलच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला आहे. त्यात तू अशी बघतेस, जशी एखादीनं चढाईत मधेच दम सोडला की बघायचीस. मुली त्रिशरण म्हणताना त्या फोटोकडे बघत नव्हत्या. शिव्या पडतील असं वाटलं असणार.

तुला आठवतं का, आपलं पहिलं भांडण कशावरून झालं? गार पाण्यावरून. आपण चारला खेळायचो कारण मुलींच्या बापांची अटच तशी होती: दिवेलागणीच्या आत पोर घरात पाहिजे. दुपारच्या भांड्यांआधी आया सोडत नव्हत्या. मग राहिले ते चार ते सहा. मे महिना, डिंडोलीचं मैदान, खाली काळी माती भाजलेली, वर ऊन. पहिल्या डावात आपल्या पोरी समोरच्यांना उचलून फेकायच्या आणि मध्यंतरानंतर त्याच पोरी ओल्या फडक्यासारख्या लोंबायला लागायच्या. मी म्हणत होते, तयारी कमी पडते, पळवा अजून. तू एकीचं मनगट धरून, दुसरा हात तिच्या मानेवर ठेवून म्हणालीस, "ह्या थकलेल्या नाहीत गं. तापलेल्या आहेत."

"मग उन्हाळ्यात खेळायचंच नाही का?"

"खेळायचं. मधे पाच मिनिटं मिळतात ना? तेवढ्यात गार करायचं."

मी तुला वेड्यात काढलं होतं. तापल्या अंगावर गार पाणी घ्यायचं नसतं हे आमच्या घरात पोराटोराला माहीत. माझी सासू तर उन्हातून आलेल्या माणसाला गुळाचा खडा हातात देऊन अर्धा तास बसवून ठेवायची, मगच तांब्या पुढे करायची. सर्दगरम होईल, छाती धरेल, मी काय काय सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "सेक्रेटरीबाई, आमच्यांनी रेल्वेत इंजिनं दुरुस्त केली. तापलं की पाणी घालतात. गूळ देत नाहीत."

तुझी युक्ती मिलमधली होती. घडी विभागाच्या भिंतीपलीकडे वाफेची मशिनं. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या जणी निंबाखाली जाऊन पडायच्या आणि तू मागच्या हौदात कोपरापर्यंत हात घालून उभी राहायचीस. नुसते हात. सुट्टीनंतर तुझ्या साड्यांच्या घड्या सगळ्यांपेक्षा भराभर पडायच्या, आणि मुकादमाला वाटायचं ही बाई नवसाची आहे. हातातून रक्त फिरतं, तेच गार होऊन आत जातं, एवढंच तुझं शास्त्र. मला ते पटलं नव्हतं, पण दुसरा इलाज नव्हता. मुलींना मैदानावर भिजवणं शक्य नव्हतं. ओले कपडे अंगाला चिकटलेत, बाजूला पोरांची टोळकी उभी, दुसऱ्या दिवशी एकही आई मुलगी पाठवणार नाही. अंग भिजवायचं नाही आणि अंग गार करायचं. मग हात. आणि ओढणीच्या खाली, मानेमागे, ओलं फडकं. कुणाला दिसणार नाही असं.

पिंप तू आणलंस. मिलमधलं रंगाचं निळं प्लास्टिकचं पिंप, उभं कापलेलं, आडवं ठेवलं की गव्हाणीसारखं. पहिल्याच दिवशी बाजूनं एक म्हातारा ओरडला, "काय बाई, म्हशी पाण्यावर आणल्या का?" तू मागं न बघता म्हणालीस, "हो. दूध संध्याकाळी. तुम्ही रतीब लावणार का?" सात मुली दोन्ही बाजूंना गुडघ्यांवर, चौदा हात पाण्यात, आणि हसून हसून पाणी बाहेर. मग हात वर काढले तर कोपरापर्यंत गुलाबी! पिंपाच्या तळाला रंग राहिला होता. त्या दिवशी सात घरांत विचारणा झाली असणार, कुणाबरोबर रंग खेळून आलीस म्हणून. नंतर तू ते पिंप धुण्याच्या सोड्यानं तीनदा घासलंस. मी समोर होते, पाणी मीच ओतत होते. तिसऱ्या वेळी पाणी स्वच्छ निघालं.

मी हिशेबी बाई. मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. म्हणून मीच परीक्षा लावली. पाच जणींनी हात बुडवायचे, पाच जणींनी नुसतं सावलीत बसायचं, मग सगळ्यांनी चढाया करायच्या, आणि मी घड्याळ धरून दम मोजायचा. दुसऱ्या दिवशी उलट: ज्या बुडाल्या त्या सावलीत, ज्या सावलीत त्या बुडणार. तू कपाळाला हात लावलास. "दोन दिवस कशाला?" म्हटलं, पहिल्या पाच मुळातच दमदार असतील तर? तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "तू शाळेत मास्तरांना फार त्रास दिला असशील." दोन्ही दिवस आकडे एकाच बाजूला पडले. हात बुडवलेलीचा दम जास्त टिकला, नाडी लवकर खाली आली. मी वहीत लिहिलं आणि तोंडानं म्हटलं, योगायोग असेल. ते पान अजून आहे. तू त्याच्या कडेला पेन्सिलनं लिहून ठेवलं होतंस: "योगायोग दोनदा झाला." ते मला परवा दिसलं.

बर्फाचा वाद मात्र मिटला नाही. तू एकदा लादीचा मोठा तुकडा गोणपाटात गुंडाळून आणलास, पोरींनी हात घातले, आणि मध्यंतरानंतर एकीलाही पकड जमेना. बोटं बधिर. समोरचीचा घोटा हातात यायचा आणि मासळीसारखा सुटायचा. मी म्हटलं, बघ, बर्फ फुकट. तू म्हणालीस, बर्फ फुकट नाही, माप चुकलं. मग तू मुठीएवढाच तुकडा टाकायला लागलीस, हात काढल्यावर तळवे चोळून कोरडे करायला लावायचीस, आणि पाय अजिबात भिजवू द्यायची नाहीस, मांड्या आखडतात म्हणून. माझं म्हणणं अजून तेच आहे की नळाचं पाणी पुरतं. तुझं म्हणणं काय असतं ते मला पाठ आहे. ह्या वादात आता कुणी मला टोकणार नाही, आणि त्यात काहीच मजा नाही.

दोन उन्हाळे आपण दुसरा डाव हरलो नाही. पहिला हरलो, पण दुसरा नाही. नंदुरबारचे लोक आपल्या पिंपाकडे संशयानं बघायचे. त्यांच्या एका बाईनं येऊन पाण्याचा वासही घेतला होता.

आता नियमांच्या पानावरची ती ओळ.

ह्या वर्षी एप्रिलमध्ये, सराव सुरू झाला त्या आठवड्यात, रेखाची आई मला नळावर भेटली. तिनं विचारलं, "पिंपातलं पाणी कुठलं असतं?" मी म्हटलं, विमलच्या घरचं, मैदानाला तेच जवळ आहे. ती "अच्छा" म्हणाली आणि हंडा उचलून गेली. एवढंच. त्या एका "अच्छा"वर मी घरी जाऊन विचार करत बसले. मला वाटलं, मला कळलं ती काय विचारतेय. एक विचारतेय म्हणजे चार बोलत असणार. चार बोलल्या की मुली येणं बंद होणार. संघ वाचवायचा तर आधीच काहीतरी केलं पाहिजे, आणि तेही असं की कुणाला लागणार नाही. प्रश्न येण्याआधी उत्तर तयार ठेवणं हे माझं कौतुक सगळे करतात. मी नियमांच्या पानावर सातवा नियम घातला: "प्रत्येक खेळाडूने हात-तोंडासाठी पाणी व भांडे स्वतःच्या घरून आणावे." कारणाच्या रकान्यात लिहिलं: रंगाचे पिंप, त्वचेस अपायकारक.

तू नियम वाचलास. पान उलटलंस. तू बोलली नाहीस ह्याचा अर्थ मी तुला पटलं असा लावला. मला हवा तो अर्थ मी लावते हे तुला माहीत होतं.

मे महिन्यातला पहिला सामना. सात जणी, सात डोलच्या. सगळ्या बाकावर एका ओळीत, नावाच्या चिठ्ठ्या लावून. चिठ्ठ्याही मीच लावल्या होत्या. मध्यंतराला मुलींनी हात घातले तर पाणी अंघोळीला काढल्यासारखं. मोठ्या पिंपातलं पाणी सावलीत तासन्‌तास गार राहायचं, हे चार वर्षं बघून मला कळत नव्हतं असं नाही. लहान भांडं लवकर तापतं हे चूल पेटवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. डोलचीत हात कोपरापर्यंत जातही नव्हता, बोटंच तेवढी बुडत होती. तू बाकाच्या टोकाला बसून होतीस. मुली तुझ्याकडे बघत होत्या आणि तू माझ्याकडे.

दुसऱ्या डावात रेखा चढाईला गेली. मधल्या रेषेपलीकडे दोन पावलं, आणि दम थांबला. कुणी तिला धरलंही नव्हतं. ती वळली आणि आपल्या बाजूला यायच्या ऐवजी समोरच्यांच्या मागच्या रेषेकडे चालत गेली, घरी निघाल्यासारखी, आणि तिथं खाली बसली. समोरच्या पोरी हसायला लागल्या. तू हसणं ऐकायच्या आधीच धावली होतीस. "घाम बघ हिचा, घाम थांबलाय," एवढंच ओरडलीस. तू खांद्याकडून, मी पायाकडून, तुझं अंगण तीन मिनिटांवर. पिंप भिंतीला पालथं घातलेलं होतं. तू ते एका हातानं उलटलंस, माठ, घागर, हंडा, घरात होतं ते सगळं पाणी त्यात. तिचे हात त्यात, तुझी साडी भिजवून तिच्या अंगावर, रामदासभाऊ पुठ्ठ्यानं वारा घालतायत. अंग भिजवायचं नाही हा आपला नियम त्या दिवशी तूच मोडलास.

रेखाची आई पळत आली. तिनं काही विचारलं नाही. तुझ्याच तांब्यात तुझ्याच माठातलं उरलेलं पाणी घेतलं आणि लेकीच्या ओठांना लावलं, मग उरलेलं स्वतः प्यायली. मी ते बघितलं आणि स्वतःला सांगितलं, अशा वेळी कुणी काही बघत नाही. डॉक्टर येईपर्यंत रेखा डोळे उघडून आईला विचारत होती, "मी बाद झाले का?" तू म्हणालीस, "तू नाही गं. पंच झाला." तेव्हा कुठं सगळे हसले.

सगळे गेल्यावर तू दारात बसलीस. ओली साडी दोरीवर होती, तू जुना गाऊन घातला होतास. तू मला विचारलंस, "सातवा नियम कुणी घालायला लावला?"

"रंगाचं पिंप ना, म्हणून…"

"पिंप धुताना पाणी कोण ओतत होतं?"

मी दोरीवरच्या साडीचं टोक पिळलं. मग म्हटलं, "काही आया म्हणत होत्या."

"कोणत्या?"

"नावं कशाला हवीत, विमल?"

"तुझ्या वहीत शिट्टी कुणी हरवली त्याचं नाव आहे. सुईदोरा कुणी नेला त्याचं आहे. ह्यांचीच नावं कशी नाहीत?"

मी म्हटलं, उशीर झाला, ह्यांची पाळी सुटेल, स्वयंपाक राहिलाय. तू "बरं" म्हणालीस. आपल्या चार वर्षांच्या भांडणात "बरं" तू कधी म्हणाली नव्हतीस.

पुढच्या आठवड्यात तुला ताप. मग डोळे पिवळे. मी दवाखान्यात दोनदा आले. मोसंबी, चादर, कंगवा, वर्तमानपत्र, यादीतलं सगळं आणलं. दुसऱ्या खेपेला तू विचारलंस, "रेखा सरावाला येते का?" मी म्हटलं, येते. "पाणी?" तू म्हणालीस. मी उशी नीट केली. नर्स आली, वेळ संपली. मला वाटलं, घरी आलीस की सांगेन. माझ्या हिशेबात तू घरी येणार होतीस.

आज विधी झाल्यावर पाण्याचे ग्लास फिरवायला मुली उठल्या. रेखाची आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं एक ग्लास संपवला, दुसरा मागितला. मग मला म्हणाली, "विमलबाई गयी, माय. मी तिले एकदाव बी बोलनी नही. पिंपन्या पानीनं तुले इचारं व्हतं, याद शे का? बोअरनं पानी ऱ्हास ते रेखाले खाज येस, म्हनीसन इचारं. तू ते नियमच करी टाका." बोअरच्या पाण्यानं पोरीच्या हाताला खाज येते, म्हणून तिनं विचारलं होतं.

खरं सांगते, क्षणभर मला वाटलं ती आता बनवतेय, तुझ्या दारात बसून दुसरं काय बोलणार. पण तिच्या हातातला ग्लास रिकामा होता, आणि माझ्या हातातला भरलेला. नऊ वर्षांच्या ओळखीत तुझ्या घरी मी चहा दोनदा घेतला. बाकी सगळ्या वेळी "आत्ताच पिऊन आले", "ॲसिडिटी आहे", "उपास आहे". पहिली काही वर्षं तू आग्रह करायचीस. मग विचारणं बंद केलंस, आणि मला ते सोयीचं वाटलं. मी कधी स्वतःला त्यातली समजले नाही. माझ्या तोंडून कधी वावगा शब्द गेला नाही. नियम मात्र मला किती चटकन सुचला! दुसऱ्या बाईच्या मनात काय असेल ते मी इतकं अचूक ओळखलं, कारण मला ते शोधायला दूर जावं लागलं नाही.

तू दारात बसून नावं विचारत होतीस तेव्हा तुला एकच नाव ऐकायचं होतं. तुला माहीत होतं. मी ते सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? कदाचित शिवी दिली असतीस. मग म्हणाली असतीस, चल, आता चहा टाकते. किंवा टाकला नसतास. तेवढं मला आता कधी कळणार नाही.

मी ग्लास प्यायले. पाणी गोड होतं. त्यानं काही भरून निघालं नाही, फक्त प्यायले एवढंच लिहिते.

तू मला काय दिलंस तेही लिहायला हवं. ह्या गल्लीतल्या मुली भर उन्हात ओरडून दम लावतात आणि कुणाच्या बापाला वाईट वाटत नाही, हे तुझ्यामुळं. मी स्वतः, पंचेचाळिसाव्या वर्षी, दुपारी तीनला घरी साड्यांचे धागे कापून डोकं तापलं की मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात बालदीत घालून बसते. सासूबाई म्हणतात छाती धरेल. धरली नाही.

पुढच्या रविवारी नवापूरच्या संघाशी सामना आहे. कामं लिहून काढली आहेत. मैदान आखणं, पंचांना निरोप, पट्ट्या, आयोडीन, लिंबू, मीठसाखर. रामदासभाऊ म्हणाले, तिच्या वेळेसारखंच सगळं करा, पाणी घरातून घेऊन जा. सातवा नियम मी कालच खोडला. खोडायला एक रेघ लागते. पण मुली अजून समजतात की तो त्यांच्यापैकी कुणाच्या तरी आईमुळं आला. दवाखान्यातून निरोप आला त्या दिवशी दोघींचं त्यावरून भांडण झालं, "तुझी आई", "तुझीच आई", अगदी केस धरण्यापर्यंत. मी सोडवलं आणि कारण विचारल्यासारखं केलं.

त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे. दहाही जणींना, एकदम, मैदानावर. आज संध्याकाळी सराव ठेवला तो त्यासाठीच. मुली तुझ्या घरातूनच सरळ आल्या, ओढण्या कमरेला बांधून. मी हजेरी घेतली. दहा. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. मी शिट्टी दिली, दोन फेऱ्या मारा म्हटलं, आणि त्या पळायला लागल्या.